धूर की वाफ?

चंद्रपूरहून दुर्गापूरमार्गे मोहर्लीकडे निघालं, की ऊर्जानगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या माथ्यावर पांढरे लोट दिसतात. ताडोबा बघायला आलेले पर्यटक त्या सगळ्यालाच धूर म्हणतात. वसाहतीतलं शाळकरी पोरही त्यांना दुरुस्त करील: कमरेत आवळलेल्या रुंद कूलिंग टॉवरमधून निघते ती वाफ, उंच चिमणीतून निघतो तो धूर. टॉवरच्या तळाशी आग नसते. तिथे कंडेन्सरमधून तापून आलेलं पाणी थंड होत असतं.

डोळ्यांना दिसलं ते जवळपास सारखंच, निष्कर्ष मात्र दोन. पोराला हे कसं कळतं आणि यंत्राला ते कसं कळवायचं, हा संगणकशास्त्रातला जुना प्रश्न आहे. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या परिषदेत एक प्रस्ताव मांडला. जगाबद्दलची विधानं यंत्राला तर्काच्या भाषेत सांगावीत आणि त्यांतून पुढचं काय निघतं ते त्यानं स्वतः काढावं, असा तो प्रस्ताव होता. तेव्हापासून ज्ञान यंत्रात कोणत्या रूपात ठेवायचं यावर विद्वानांचं भांडण चालू आहे. नियम लिहायचे, की उदाहरणं दाखवून यंत्राला शिकू द्यायचं? खरं-खोटं असे दोनच शिक्के ठेवायचे, की शक्यतेचे आकडे?

या भांडणात माझं मत कुठे झुकतं ते आधीच सांगतो. रूप कोणतंही असो, यंत्रानं पाहिलेलं आणि ताडलेलं यांची खाती वेगळी ठेवावीत, आणि ताडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे ती कशावरून ताडली हे लिहून ठेवावं. चंद्रपूर जिल्ह्यात याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही.

धुरावरून अग्नीचं अनुमान हे भारतीय तर्कशास्त्रातलं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, ते पाच पायऱ्यांत मांडतात. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. तिसरी पायरी पुन्हा वाचण्यासारखी आहे. तिच्यात सर्वसाधारण नियमही आहे आणि डोळ्यांनी पाहिलेलं स्वयंपाकघरही आहे. पाश्चात्त्य तर्कशास्त्रानं उदाहरण न घेता नुसता नियम ठेवला, आणि आजच्या यंत्रशिक्षणानं नियम गाळून नुसती उदाहरणं ठेवली. नैयायिकांना दोन्ही एकत्र हवी होती.

अनुमान कुठे फसतं याचा विचार तर त्यांनी अधिकच बारकाईनं केला. धूर असेल तिथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. अग्नीतून धूर निघायला ओल्या इंधनाची जोड लागते. अशा मागे दडलेल्या अटीला त्यांनी 'उपाधी' म्हटलं. सहाव्या शतकाच्या आसपासच्या 'न्यायप्रवेश' या बौद्ध ग्रंथात आणखी एक दोष नोंदलेला आहे. समोर दिसतंय ते धूर आहे की बाष्प, हीच शंका असताना त्यावरून अग्नी सिद्ध करायला जाणं हा 'संदिग्धासिद्ध' हेतू. ऊर्जानगरच्या टॉवरकडे बोट दाखवणारा पर्यटक नेमका हाच दोष करतो.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी एक संदेश फिरतो: संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे, असं 'नासा'नं मान्य केलं. त्याच्या मुळाशी रिक ब्रिग्ज यांचा १९८५ मध्ये 'एआय मॅगझिन'मध्ये आलेला लेख आहे. ब्रिग्ज तेव्हा नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संशोधन संस्थेत होते. संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ जसा उलगडून मांडत, ती पद्धत संगणकातल्या अर्थजालांशी मिळतीजुळती आहे, एवढंच त्यांनी दाखवलं. ते पुरेसं मोलाचं होतं. त्याला नासाच्या प्रमाणपत्राची गरज नव्हती. खरी कमाई कुठे आहे ते पाहायचं तर एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले पंडित भीमाचार्य झळकीकर यांनी रचलेला 'न्यायकोश' उघडावा. एकेका संज्ञेचे निरनिराळ्या शास्त्रकारांनी केलेले अर्थ त्यात कोणी, कुठे, असे वेगवेगळे नोंदलेले आहेत. ज्ञानाचा साठा कसा ठेवावा याचा तो वस्तुपाठ आहे.

आता वीज केंद्राच्या आत जाऊ. हे केंद्र २,९२० मेगावॉटचं. पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. २१० मेगावॉटचे पहिले दोन संच आता निवृत्त झाले आहेत. कोळशावरच्या अशा संचाच्या बॉयलरवर 'ड्रम' असतो, म्हणजे जाड पोलादाचं आडवं, भलंमोठं नळकांडं. त्यात खाली पाणी, वर वाफ. पाण्याची पातळी फार खाली गेली तर भट्टीच्या भिंतींतल्या नळ्या कोरड्या पडून जळतात. फार वर गेली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरून पाती खराब करतं. म्हणून पातळी मर्यादेबाहेर गेली की संच आपोआप ट्रिप होतो, कुणाला विचारत बसत नाही.

पण ही पातळी मोजायची कशी आणि मोजमापावर विश्वास किती ठेवायचा? एकच मापक लावला आणि तोच बिघडला, तर एकतर धडधाकट संच विनाकारण बंद पडेल किंवा धोका असूनही चालू राहील. म्हणून तीन मापक लावतात आणि तिघांपैकी दोघांनी धोका सांगितला तरच ट्रिप, असा नियम ठेवतात. इन्स्ट्रुमेंटेशनची माणसं याला 'टू आउट ऑफ थ्री' म्हणतात. यात एक शहाणपण आहे. 'पातळी इतकी आहे' असं हा नियम मानत नाही. 'पातळी इतकी आहे असं अमुक मापक म्हणतो' असं मानतो. साक्ष आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे, हे त्याच्या रचनेतच धरलेलं आहे. अर्थात तिन्ही मापक एकाच चुकीच्या हिशेबानं जुळवलेले असले, तर तीन साक्षीदार असूनही साक्ष एकच उरते.

त्याहून मजेशीर गोष्ट पुढे आहे. समजा, ग्रिडची मागणी एकदम वाढली आणि टर्बाइननं जास्त वाफ ओढली. ड्रममधला दाब घसरतो. दाब घसरला की उकळत्या पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर चढलेली दिसते. प्रत्यक्षात बॉयलरमधलं पाणी कमी होत असतं, कारण जितकं आत येतंय त्याहून अधिक वाफ होऊन बाहेर जातंय. 'पातळी वाढली तर पाणी कमी सोड' एवढाच नियम ठाऊक असलेलं यंत्र नेमकं याच वेळी फीडवॉटर तोडेल, आणि थोड्या वेळानं पातळी कोसळेल. या फसव्या फुगवट्याला 'स्वेल' म्हणतात. मागणी अचानक घटली की उलटं होतं, त्याला 'श्रिंक'. त्यावरचा उपाय 'थ्री एलिमेंट कंट्रोल' हा. पातळीबरोबर बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी हेही मोजायचं, आणि जमाखर्चावरून ठरवायचं. पातळी काय दिसते याच्याबरोबर ती तशी का दिसते, याचं एक छोटंसं प्रतिमान इंजिनिअरनं यंत्रात घालून ठेवलेलं असतं.

शांत दिवसांच्या नोंदी देऊन एखाद्या यंत्राला शिकवलं, तर पातळी वर म्हणजे पाणी जास्त, हे नातं त्याला अगदी पक्कं दिसेल. नोंदी खोट्या नसतात. पण एकत्र दिसणं वेगळं आणि एकामुळे दुसरं घडणं वेगळं. ज्यूडिया पर्ल यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात अनिश्चित ज्ञानाची मांडणी शक्यतांच्या जाळ्यांतून कशी करावी हे दाखवलं, आणि पुढची अनेक वर्षं हाच फरक गणितात उतरवण्यात घालवली: 'हे दिसलं तर ते असेल' याचं गणित निराळं आणि 'हे मी बदललं तर ते बदलेल' याचं निराळं. पावसाळ्यात खाणीतून ओला कोळसा येतो, बंकरमध्ये चिकटतो आणि निर्मिती घटते. त्याच दिवसांत राज्यात विजेची मागणीही कमी झालेली असते. ऑगस्टचा निर्मितीचा आकडा खाली आला तो कोळशामुळे की मागणीमुळे? नुसते जुने आकडे कितीही चाळले तरी याचं उत्तर मिळत नाही. कशामुळे काय घडतं याचा नकाशा आधी मांडावा लागतो, आणि तो इथल्या कोल हँडलिंग प्लांटमधल्या माणसाला संगणकापेक्षा जास्त ठाऊक असतो.

अशा नकाशालाही सीमा असते. नियंत्रण कक्षाला ड्रममधलं पाणी मिलिमीटरमध्ये कळतं. पण २०१० च्या उन्हाळ्यात केंद्राला पाणी पुरवणाऱ्या इरई धरणातलं पाणीच आटलं आणि संच बंद ठेवण्याची वेळ आली, तेव्हा बॉयलरच्या नियमांत त्याविषयी काहीच नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. कुठलंही काम नीट होण्यासाठी लागणाऱ्या अटींची यादी करायला बसलं तर ती संपतच नाही. मॅकार्थींनी पुढे या अडचणीला नाव दिलं, पण तोडगा आजही अर्धवट आहे.

पाहिलेलं आणि ताडलेलं यांची सरमिसळ झाली की काय होतं, याचं सर्वांत महागडं उदाहरणही वीज केंद्रातलंच आहे. २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. दाब कमी करण्यासाठी उघडलेली एक झडप अडकून उघडीच राहिली आणि अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी तिच्यातून दोन तासांहून अधिक वेळ वाहत राहिलं. पॅनेलवरचा दिवा मात्र विझलेला होता. दिवा विझला म्हणजे झडप मिटली, असं ऑपरेटरनी धरलं. वास्तविक त्या दिव्याला झडपेची स्थिती कळतच नव्हती. झडप मिटवण्याचा विद्युत आदेश गेला, एवढंच तो सांगत होता. आदेश आणि परिणाम यांच्यासाठी एकच दिवा ठेवला गेला आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा बराच भाग वितळला. अनुभवी शिफ्ट इंजिनिअर पॅनेलवर सगळं ठीक दिसत असतानाही एखाद्याला 'लोकल बघून ये' म्हणून पाठवतो, त्यामागे हीच भीती असते. जग हेच स्वतःचं उत्तम प्रतिमान आहे, असं म्हणणारे एमआयटीचे रॉडनी ब्रुक्स त्याच्याशी सहमत झाले असते.

त्याच सत्तरच्या दशकात संगणकशास्त्रात दोन चांगली कामं झाली. पहिलं, स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड शॉर्टलिफ यांनी घडवलेली 'मायसिन' ही प्रणाली. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कोणतं प्रतिजैविक द्यावं हे ती शेकडो नियमांवरून सुचवायची, आणि प्रत्येक निष्कर्षाला खात्रीचा आकडा जोडायची. डॉक्टरनं मध्येच थांबवून 'का विचारतोस?' म्हटलं, तर कोणत्या नियमासाठी ही माहिती हवी आहे ते ती सांगायची. ती रुग्णालयांत नेहमीच्या वापरात कधी आली नाही. पण 'का' या प्रश्नाला उत्तर देण्याची तिची सवय पुढच्या अनेक हुशार यंत्रांनी घेतली नाही, याची मला जास्त हळहळ वाटते. दुसरं काम जॉन डॉइल यांचं, १९७९ मधलं. यंत्रानं मानलेल्या प्रत्येक गोष्टीला तिची कारणं दोरीसारखी बांधून ठेवायची. एखादं कारण खोटं ठरलं की त्या दोरीला लटकलेली सगळी अनुमानं सोडवायची, आणि बाकीची जशीच्या तशी ठेवायची.

डॉइल यांच्या पद्धतीची गरज जंगलात रोज पडते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या उष्ण ठिपक्यांवरून वणव्याच्या सूचना वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवते. 'मोडिस' या उपकरणाचा एक ठिपका सुमारे एक किलोमीटरचा, तर 'व्हीआयआयआरएस'चा ३७५ मीटरचा. उपग्रहाला दिसते ती उष्णता. वणवा हे अनुमान. चंद्रपूर जिल्ह्यात उष्णता कुठे नाही? वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत, गडचांदूरकडे सिमेंटच्या भट्ट्या आहेत. नैयायिकांचा लाल लोखंडी गोळा इथे शब्दशः सापडतो: अग्नी आहे, पण वणवा नाही. म्हणून ठिपके वनसीमेच्या नकाशावर ठेवून चाळावे लागतात. हा नकाशा म्हणजे वरून घातलेलं ज्ञान. उपग्रहाच्या चित्रात ते नसतं.

नकाशाच्या आतही प्रश्न सुटत नाही. मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांत मोह गळायला लागतो. फुलं पहाटे पडतात. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत आहे. ही आग झाडाखाली विझली तर काही नाही, वारा सुटला तर तोच वणवा. तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी चांगली पालवी फुटावी म्हणून लावलेली आग निराळी, आणि धानाच्या बांध्यांत तणस जाळलं तर ती आणखी निराळी. मुरलेला वनरक्षक सकाळी धूर पाहतो तेव्हा त्याच्या डोक्यात तिथी, वाऱ्याची दिशा, त्या बाजूला मोहाची झाडं किती, आग अडवण्यासाठी आखलेली जाळरेषा साफ केली आहे का, हे सगळं एकदम येतं. 'धूर म्हणजे आग' हा नियम त्याला फार बाळबोध वाटेल. त्याचा नियम सोळा अटींचा आहे, आणि त्यातल्या निम्म्या त्यानं कधी कुणाला बोलून दाखवलेल्या नसतात.

नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात अलीकडे उंचावर कॅमेरा बसवून धूर ओळखणारी यंत्रणा सुरू झाली आहे. अशा यंत्राचा रोजचा शत्रू कोण, तर थंडीतल्या सकाळी जलाशयावरून आणि दऱ्यांतून उठणारं धुकं. 'न्यायप्रवेश'मधली शंका पुन्हा समोर येते. हजारो चित्रं दाखवून शिकवलेलं न्यूरल जाळं धूर आणि धुकं यांत फरक करायला माणसाइतकं तयार होऊ शकतं, यात मला शंका नाही. ओळखण्याचं काम नियम लिहून जमत नाही, हे मान्यच करायला हवं. पण 'हा धूर आहे' इथून 'माणसं कुठे पाठवायची' इथपर्यंतचा रस्ता ओळखीचा नाही, तर्काचा आहे. तिथे मोहाचा हंगाम, जाळरेषा आणि वारा लागतो.

वाघाच्या बाबतीत हीच गोष्ट जिवावर बेतते. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार गेला आणि लगोलग दुर्गापुरात बिबट्यानं एका मुलाला नेलं. नंतर ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावात कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसवले गेले. वाघ, बिबट किंवा अस्वल दिसलं की ते सूचना देतात. चांगली गोष्ट. पण सूचना आली नाही याचा अर्थ काय? बँकेच्या खातेवहीत नोंद नाही म्हणजे व्यवहार झाला नाही, असं धरता येतं. रेमंड राइटर यांनी १९७८ मध्ये या गृहीतकाला 'बंद जग' असं नाव दिलं. जंगल बंद जग नाही. कॅमेऱ्याला वाघ दिसला नाही, एवढंच खरं. वाघ नाही हे त्यातून निघत नाही. 'सर्व सुरक्षित' असा हिरवा शिक्का दाखवणारं मोबाइल अ‍ॅप कुणी बनवलं, तर ते थ्री माइल आयलंडचा दिवाच पुन्हा लावील.

आज चॅटजीपीटीसारख्या भाषिक यंत्रांचा बोलबाला आहे. त्यांच्यात वाचलेलं आणि ताडलेलं एकाच अवाढव्य आकड्यांच्या ढिगात विरघळून गेलेलं असतं. उत्तर अस्खलित येतं, विचारलं तर कारणही अस्खलित येतं. पण ते कारण उत्तराच्या आधी होतं की उत्तरानंतर रचलं, हे बाहेरून कळत नाही. दुसऱ्या टोकाला डग्लस लेनाट यांनी १९८४ मध्ये सुरू केलेला 'सायक' प्रकल्प. साधं व्यवहारज्ञान माणसांकरवी एकेक विधान करून लिहून काढायचं, असा त्याचा हट्ट होता. लाखो विधानं झाली, तरी जग उरलंच. मला या दोघांपैकी कुणीही एकटा पुरेसा वाटत नाही. भाषिक यंत्रानं वनरक्षकाचं मराठी, माडिया किंवा गोंडी बोलणं ऐकून त्याच्या न बोललेल्या अटी बाहेर काढाव्यात आणि नियमांच्या वहीत मांडाव्यात. ती वही वनरक्षकाला वाचून दाखवावी. आणि तर्क त्या वहीवरून चालावा. हे काम अवघड आहे, पण अशक्य कोटीतलं नाही.

या वहीची परीक्षा दुरुस्तीच्या वेळी होईल. समजा सिंदेवाहीकडच्या एखाद्या ठिपक्यावर वनरक्षक पोचला आणि त्यानं नोंद केली: वणवा नाही, तणस जाळलेलं आहे. आता ठिपका पुसायचा नाही, कारण उष्णता खरीच होती. मागे घ्यायचं ते तिला चिकटवलेलं 'वणवा' हे अनुमान. आणि त्याच्याबरोबर त्यावरून पुढे निघालेलं सगळं: जळीत क्षेत्राचा अंदाज, महिन्याच्या तक्त्यातली बेरीज, पुढच्या वर्षी कोणत्या बीटला किती फायर वॉचर द्यायचे याचा हिशेब. कारणांच्या दोऱ्या बांधलेल्या असतील तर हे एका फटक्यात होतं. नसतील तर वनरक्षकाची नोंद शेऱ्याच्या रकान्यात पडून राहते आणि बेरीज तशीच पुढे जाते.